नव्व्याण्णव हजार नऊशे एक्याण्णव वाती

ये गं मुक्ते, जवळ ये, अशी माझ्यासमोर बस. खिडकीपाशी नको. तिथे बसलीस की तुझं अर्धं लक्ष रस्त्यावर असतं आणि उरलेल्या अर्ध्यातून तू मला 'हो, हो' म्हणतेस. तू आत्ता इथे नाहीस, तिकडे पुण्याला कॉलेजातल्या पोरांना गणित शिकवते आहेस, हे मला कळतं. पण समोर कुणी असल्याशिवाय मला लिहिताच येत नाही, म्हणून तुला बसवून घेतलं. गणपतीत येते म्हणालीस, दिवाळीत येते म्हणालीस, आणि आलं काय, तर फोनवर दिव्यांचं चित्र. सख्ख्या भावाची नात तू माझी, चित्र पाठवतेस? मागच्या खेपेला मी तुला एक आकडा सांगितला, तर दोन मिनिटांत 'आजी, ही मूळ संख्या आहे, पाच आकड्यांतली सगळ्यांत मोठी' असं सांगून मोकळी झालीस. मला तेवढंच कळायला श्रावणापासून नवरात्रापर्यंत दिवस लागले होते. आणि तू एका शब्दानं विचारलं नाहीस, की आजी, सातवीत शाळा सुटलेल्या बाईला हा आकडा भेटला कुठे? तर आता ऐक. मध्ये बोलू नकोस. माझा आधीच गोंधळ उडतो, आणि ही गोष्टच मुळी गोंधळाची आहे.

तेव्हा आम्ही मुलुंडला राहायचो. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे सहा बिऱ्हाडांत मिळून एक विहीर. पश्चिमेला डोंगर इतका जवळ, की संध्याकाळी त्याची सावली आमच्या ओट्यावर येऊन बसायची. वारा पूर्वेकडून फिरला की मिठागरांचा खारट वास घरभर, आणि आई म्हणायची, आज आमटीत मीठ कमी घातलं तरी चालेल. बाबा फोर्टात कारकून होते. सकाळी लवकर जेवून जायचे ते दिवेलागणीला परत. तुझे आजोबा अजून जन्मायचे होते. घरात आम्ही तिघंच, आणि वर्षातले चार महिने आत्या.

आत्या ही बाबांची थोरली बहीण. तिघेही भाऊ तिला अक्का म्हणत. पंधराव्या वर्षी नवरा गेला, त्यानंतर अकरा वर्षं कोकणात सासरी काढून ती भावांकडे आली. त्या अकरा वर्षांबद्दल मी तिच्या तोंडून एकच वाक्य ऐकलं. "तिथली विहीर फार खोल आहे," ती म्हणायची, आणि हातातलं काम पुढे चालू. भावांनी तिचं वर्ष वाटून घेतलं होतं. होळीपासून आषाढीपर्यंत घाटकोपरला थोरल्या काकांकडे, आषाढी एकादशीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत आमच्याकडे, आणि तिथून होळीपर्यंत बोरिवलीला धाकट्या काकांकडे. बारा महिन्यांना तिनानं नि:शेष भाग जातो, चार-चार महिने, बाकी शून्य. लहानपणी मला वाटायचं, आत्या नावाच्या माणसांचं सगळीकडे असंच असतं. कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं, तर मला कुठून दिसणार?

चातुर्मास आमच्या वाट्याला, म्हणजे कांदा-लसूण-वांगं घरातून हद्दपार. आई दोन चुली सांभाळल्यासारखं करायची. बाबांच्या डब्याची भाजी वेगळी, आत्याचं उपासाचं वेगळं. पण आत्याच्या हातचं आमसुलाचं सार आणि वरीचा भात मी अजून विसरले नाही. वरून ओलं खोबरं घालताना ती वाटीत बोट फिरवून शेवटचा कण काढायची. सगळं मोजून. कढीलिंबाची पानंसुद्धा मोजून. लिहिता-वाचता तिला येत नव्हतं, पण मुठीत शेंगदाणे घेतले की किती ते सांगायची आणि चुकायची नाही. दुपारी भांडी झाली की भिंतीला टेकून, एक पाय लांब करून, बोटाला राख लावून ती वाती वळायला बसायची. त्याचा एक आवाज असतो गं. सुकं पान फरशीवरून हळूच सरकावं तसा. त्या आवाजावर मला झोप लागायची. शंभर वाती झाल्या की दोऱ्यानं बांधून एक जुडी, आणि जुडी तेलाच्या धुतलेल्या डब्यात. लाख वातींचं व्रत होतं तिचं. तीन वर्षं ती तिन्ही घरांत वाती वळत फिरत होती. एक ट्रंक आणि वातींचे डबे, एवढाच तिचा संसार.

त्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी थोरले काका आले. येताना उकडीच्या मोदकांसाठी नारळ घेऊन आले, म्हणून मी खूश. ओट्यावर बाबा आणि ते बोलत होते, मी आत दाराआड पाढे पाठ करत होते. काका म्हणाले, "आता पुरे झालं हे फिरवणं. तिच्या दिराची बायको गेली. घरात करणारं कुणी नाही. त्यानं पत्र टाकलंय, वहिनीला कायमची पाठवा म्हणून. धाकट्याला विचारलंय मी. तुझं काय?"  बाबा म्हणाले, "तू म्हणशील तसं." माझे बाबा तसेच होते. ऑफिसात साहेबाला आणि घरात थोरल्या भावाला, दोघांनाही हेच उत्तर. आत्या आतून चहा घेऊन गेली. तिनं सगळं ऐकलेलं होतं. कप खाली ठेवून म्हणाली, "माझ्या लाख वाती तेवढ्या उजवू द्यात. उजवल्या की जाईन. शब्द आहे माझा."

मला एवढंच कळलं, की त्रिपुरी पौर्णिमेला वाती लावून संपल्या की आत्या त्या खोल विहिरीच्या घरी जाणार, आणि पुन्हा येणार नाही. आईला जाऊन विचारलं तर ती म्हणाली, "मोठ्यांच्या गोष्टी आहेत. जा, दळण आण." तिचे डोळे लाल झालेले होते. ते कांद्यानं म्हणावं, तर घरात कांदा नव्हता.

त्याच आठवड्यात आत्या मला म्हणाली, "वच्छे, तुला भागाकार येतो ना? मग बायका किती बोलवायच्या ते तू काढ. वाती सगळ्याजणींत सारख्या वाटायच्या. कुणाला एक जास्त नाही, कुणाला एक कमी नाही. आणि मागे एकही उरायची नाही. उरली वात, तर उरलं व्रत. माझ्या सासूबाईंचा नियम आहे." हा नियम मी पुढे किती जणींना, किती गुरुजींना विचारला, कुणालाही ठाऊक नाही. पण तेव्हा ते शब्द माझ्या डोक्यात असे रुतले! उरली वात तर उरलं व्रत. आणि व्रत उरलं तर आत्या जाणार कशी?

मग मी बघायला लागले, की लाखाला कशाकशानं भाग जातो. मुक्ते, लाखासारखी मऊ संख्या नाही गं. दोननं जातो, चारनं, पाचनं, आठनं, दहानं, सोळानं, विसानं, पंचविसानं. कसंही कापा, सुरी अडतच नाही. त्याच दिवसांत आमच्या शाळेतल्या बाईंनी मूळ संख्या शिकवल्या होत्या. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. ज्यांना एकानं आणि स्वतःच्या स्वतःनं सोडून दुसऱ्या कशानं भाग जात नाही त्या. मला आधी ते पटलंच नव्हतं. तेराला भाग जात नाही हा तेराचा दोष की आपला? पण आता मला वाटलं, लाखाच्या जवळपास अशी एखादी हट्टी संख्या असेल तर? वरच्या चार वाती मी काढून घेतल्या, की आत्यानं कितीही बायका बोलावल्या तरी काहीतरी उरणारच. दहा बोलावू देत, पन्नास बोलावू देत. व्रत संपणारच नाही. मला माझ्याच हुशारीची भीती वाटली.

मग सुरू झालं ते. दुपारी आत्याची वाती वळता वळता मान कलली, की मी पाटी घेऊन मागच्या पायरीवर. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव. नवानं गेला, संपलं. त्याच्या खालचा सम, म्हणजे दोननं. त्याच्या खालचा, शेवटी सात असलेला, त्यानं मला फार आशा लावली. तिनानं नाही, सातानं नाही, अकरा, तेरा, सतरा, कशानं नाही. मी मनातल्या मनात नाचले. आणि एकोणीसनं? गेला की मेला! पाच हजार दोनशे त्रेसष्ट वेळा, बाकी शून्य. मी रडले तिथे बसून. शेजारच्या लिमयेकाकू विहिरीवर होत्या, त्यांनी विचारलं, "काय गं, विंचू चावला का?" मी म्हटलं, "एकोणीस."

अशी उतरत उतरत मी नव्व्याण्णव हजार नऊशे एक्याण्णववर आले. आणि हा काही केल्या हलेना. सातानं बाकी तीन. अकरानं बाकी एक. तेरानं आठ. त्या एकोणीसनंसुद्धा बाकी तेरा. पण मुक्ते, खरा गोंधळ इथेच झाला. थांबायचं कधी? भाग गेला की कळतं, की गेला. पण नाही गेला, तर पुढच्या आकड्यानं जाणार नाही कशावरून? मी संध्याकाळी बाबांना विचारलं, "बाबा, एखाद्या संख्येला कशानंच भाग जात नाही, हे कसं कळतं?"

"भाग देऊन बघायचं."

"कुठपर्यंत?"

"जाईपर्यंत."

"आणि गेलाच नाही तर?"

बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा वर केलं. "मग देत राहायचं," ते पत्रामागून म्हणाले. मला वाटतं, माझ्या बापाचं सगळं आयुष्य त्या उत्तरात होतं; पण तेव्हा मला नुसता राग आला.

शाळेतल्या बाईंना विचारावं, तर त्या म्हणाल्या, परीक्षेत एवढ्या मोठ्या संख्या येत नाहीत. मग मी एकटीच. पाटी पुरेना म्हणून जुन्या कॅलेंडरांच्या पाठी घेतल्या. आधी येडीसारखी प्रत्येक आकड्यानं भाग देत होते, चारनं, सहानं, आठनं. एके दिवशी भाताचं पातेलं घासताना कळलं, की अगं, दोननं जात नाही तर चारनं कुठून जाईल? मग फक्त मूळ संख्यांनीच. भाद्रपद गेला, घरात ऋषीपंचमीची भाजी झाली, मी दीडशेच्या पुढे. घटस्थापना झाली, मी अडीचशेच्या पुढे. एका दुपारी तीनशे तेरानं भाग दिला, भागाकार आला तीनशे एकोणीस, बाकी एकशे चव्वेचाळीस. पुढची मूळ संख्या तीनशे सतरा. तिनं दिला, तर भागाकार तीनशे पंधरा. मी तशीच बसून राहिले. आतापर्यंत खालचा आकडा वर चढत होता आणि वरचा खाली उतरत होता, जिन्यात दोघीजणी समोरासमोर याव्यात तशा, आणि आता त्या एकमेकींना ओलांडून गेल्या होत्या. यापुढे जो कोणी मोठा आकडा भाग देईल, त्याचा जोडीदार लहानच असणार, आणि लहान सगळे मी तपासून झाले होते! सहासष्ट भागाकार. कुणी सांगितलं नव्हतं गं मला. आता तू म्हणशील, आजी, हे तर आम्ही पहिल्या आठवड्यात शिकवतो. शिकवा. मला ते मुलुंडच्या मागच्या पायरीवर सापडलं, आणि ते सांगायला घरात एकही माणूस नव्हतं. सांगितलं असतं, तर डाव फुटला असता.

मी डबा उघडला, एक जुडी सोडली, नऊ वाती काढल्या, उरलेल्या एक्याण्णवांना पुन्हा दोरा बांधला. नऊ वाती माझ्या कंपासपेटीत. देवाच्या वस्तूला हात लावला, ही भीती एकीकडे, आणि एवढी सहासष्ट वेळा तपासलेली संख्या आपल्याला फसवणार नाही, हा धीर दुसरीकडे.

त्रिपुरी पौर्णिमेला दुपारपासून अंगण सारवलं, रांगोळ्या झाल्या. आत्यानं विचारलं, "किती बायका बोलवू ते सांगितलं नाहीस अजून." मी म्हटलं, "पंचवीस." मला काय, पंचवीस काय नि पन्नास काय. थोरले काका घाटकोपरहून आले, त्यांच्या खिशात कोकणच्या बोटीची तिकिटं. परवाची बोट होती. आईनं पुरणपोळ्या केल्या होत्या, पण तव्यावर दोन करपल्या, आणि आईच्या हातून पोळी करपलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. सूर्य डोंगराला टेकला तशी बायका गोलाकार बसल्या. सगळ्या सवाष्णी. आत्या मध्ये डबे घेऊन. तिच्या वाट्याला वाती नव्हत्याच. तिनं वळायच्या, लावायच्या यांनी, अशीच रीत होती आणि तीसुद्धा मला तेव्हा खटकली नाही. मी ओट्याच्या खांबाला धरून उभी. आता वाटप अडणार. आता काहीतरी उरणार. आता गडबड होणार.

आणि आत्या जुड्या वाटायला लागली.

जुड्या गं! वाती नाही! ती पानं वाढावीत तशी प्रत्येकीपुढे एक-एक जुडी ठेवत गेली, दुसरी फेरी, तिसरी फेरी. हजार जुड्या, पंचवीस बायका, प्रत्येकीला चाळीस. डबे रिकामे झाले. काही उरलं नाही. मला काही कळेचना. नव्व्याण्णव हजार नऊशे एक्याण्णवला पंचविसानं भाग गेला? माझ्या डोळ्यांदेखत? मग माझे सहासष्ट भागाकार खोटे? मूळ संख्या खोटी? बाई खोट्या? कितीतरी वेळ मी हाच विचार करत होते. आणि मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला, की या पंचवीसजणींतल्या एकीपुढे एक्याण्णवांची जुडी शंभराचं सोंग घेऊन बसली आहे. तिनं गुपचूप शंभराची जागा भरली, आणि माझी सगळी हट्टी संख्या मऊ लाख होऊन गेली. म्हणजे व्रत संपणार. आत्या जाणार. आणि वर व्रत खोटं पडणार ते माझ्यामुळे. लिमयेकाकूंनी पहिली जुडी तुपात बुडवली, काडी ओढली, आणि मी ओरडले, "थांबा! ह्या लाख नाहीत!"

सगळं अंगण माझ्याकडे वळलं. काडी लिमयेकाकूंच्या बोटापर्यंत जळत आली, त्यांनी "आई गं" करून टाकली.

"किती आहेत?" आत्यानं विचारलं. तिचा आवाज अगदी शांत.

"नव्व्याण्णव हजार नऊशे एक्याण्णव. मी नऊ काढल्या."

"का?"

मग सगळं एकदमच फुटलं. "तू सारखं वाटायचं म्हणालीस. ह्या संख्येला कशानंच भाग जात नाही. मी तीनशे सतरापर्यंत बघितलंय. कितीही बायका बोलाव, काहीतरी उरतंच. उरली वात तर उरलं व्रत, असं तूच म्हणालीस. मग तुला जायला नको."

बायकांत कुजबुज. एकजण म्हणाली, "जळ्ळं मेलं गणित पोरीचं." लिमयेकाकू बोट चोखत म्हणाल्या, "अहो अक्का, नवानं काय होतंय? देव काय मोजत बसणारे?"

"देव नसेल. मी आहे," आत्या म्हणाली. मग मला म्हणाली, "कशानंच जात नाही भाग?"

"नाही."

"नीट आठव. कशानंच?"

"एकानं जातो," मी रडत म्हटलं. "पण एकानं सगळ्यांनाच जातो. त्याला भाग म्हणत नाहीत."

रांगोळीतला एक ठिपका आत्यानं बोटानं सारखा केला. "म्हणत नसतील," ती म्हणाली. "पण एकीनं लावल्या, तर उरत नाहीत ना?" आणि उठून ती लिमयेकाकूंपुढच्या जुड्या परत डब्यात भरायला लागली. मग शेजारचीच्या, मग तिच्या पलीकडचीच्या. काका ओट्यावरून उतरून आले. "अक्का, हे काय चालवलंयस? वच्छे, आण त्या नऊ वाती इकडे. घाल डब्यात आणि संपव."

"बाहेर गेलेली वात परत व्रतात घेत नाहीत," आत्या जुड्या भरता भरता म्हणाली.

"मग नवीन वळ नऊ."

"संकल्प सोडलाय सकाळी. आता वळलेली चालत नाही."

"हा कुठला नियम?"

"माझ्या सासूबाईंचा."

तेव्हा मी बाबांकडे बघितलं. ते खांबाला टेकून उभे होते आणि त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. काका म्हणाले, "परवाची बोट आहे. तिकिटं काढलीत मी."

"परत कर," बाबा म्हणाले. आपल्या थोरल्या भावाला. दोनच शब्द. त्याआधी आणि त्यानंतर मी त्यांना काकांशी तसं बोलताना ऐकलं नाही.

आत्यानं डब्यांची झाकणं लावली. "मी शब्द मोडत नाही," ती काकांना म्हणाली. "वाती उजवल्या की जाईन. मी एकटी लावणार. रोज तिन्हीसांजेला तुळशीपुढे एक जुडी. किती दिवस गं वच्छे?"

मी नाक पुसलं. "नऊशे नव्व्याण्णव दिवस शंभर-शंभर. आणि शेवटच्या दिवशी एक्याण्णव."

"ऐकलंस?" आत्या म्हणाली. मग आईकडे वळली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज थोडा हलला. "तुला चालेल का गं?" दोन खोल्यांचं घर, मुक्ते. आणि तुझे आजोबा तेव्हा आईच्या पोटात. आई पदराला हात पुसत म्हणाली, "आधी त्या बायकांना पोळ्या वाढूया. निवताहेत."

त्यानंतरची संध्याकाळ न् संध्याकाळ मला आठवते. बाबा घरी यायचे, आत्या तुळशीपुढे जुडी लावायची, अंगणभर क्षणभर पिवळा उजेड, मग पुन्हा साधा कंदील. एकटी लावायची ती. आल्यागेल्या बायका आधी नाकं मुरडायच्या, नंतर थांबून नमस्कार करून जायला लागल्या. होळी आली नि गेली, बोरिवलीहून कुणी विचारलं नाही. दुसऱ्या आषाढीला कुणी घाटकोपरचं नावही काढलं नाही. तुझे आजोबा त्या उजेडात रांगायला शिकले. मग हजारावा दिवस आला. मी तोपर्यंत पंधरा वर्षांची झाले होते, शाळा सुटली होती. आत्यानं शेवटची जुडी हातात घेतली, जराशी तोलली, आणि लावली. विझेपर्यंत बघत बसली. मग आत गेली, पलंगाखालून ट्रंक ओढली, लुगडी घड्या करून भरली आणि ट्रंकेवर बसून राहिली. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं. पण शब्द दिलेला होता. बाबा आले, त्यांनी बघितलं. चपला काढल्या, आत्याला हाताला धरून बाजूला केलं, ट्रंक उचलली आणि माळ्यावर टाकली. माळा उंच होता. आत्याचा हात तिथे पोचत नव्हता. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अक्का, उद्याला मूग भिजवू की मटकी?"

"मटकी," आत्या म्हणाली. पुढे बावीस वर्षं ती आमच्याकडे होती.

मला आजही न कळलेलं एक आहे. मुठीतले शेंगदाणे न मोजता सांगणारी बाई. एक-एक जुडी तिच्या हातून गेलेली. त्या दिवशी वाटताना नऊ वातींनी हलकी जुडी तिच्या हाताला कळली नसेल? आणि कळली असेल, तर ती गप्प का राहिली? मी ओरडले नसते, तर ती बोटीत बसली असती का? वातींबद्दलचे नियम सासूबाईंचे होते, की ती तिथल्या तिथे वळत होती? मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "तुझी ती संख्या पुन्हा सांग बघू." मी सांगितली. "चांगली आहे," म्हणाली आणि कढीलिंब मोजायला लागली.

तू परवा फोनवर सांगितलंस ते मी कागदावर लिहून ठेवलंय. मी विचारलं होतं, की ह्या वाती मांडायच्याच झाल्या, तर चौकोनात मांडता येतील का? तू म्हणालीस, एका चौकोनात नाही, दोन चौकोनांतही नाही, तिनांतसुद्धा बसत नाहीत, चार लागतात. तीनशे पंधराचा एक, सत्तावीसचा एक, सहाचा एक, आणि चौथा चौकोन एकाच वातीचा. मी करून बघितलं. तीनशे पंधरा गुणिले तीनशे पंधरा, हातानं. जमतं गं. तिघांत बसत नाही, आणि चौथी एकच वात आली की सगळं बसतं. हे तुमचं गणित कुणी केलं मला ठाऊक नाही, पण त्याला आमच्या घरची बातमी होती.

त्या नऊ वाती माझ्याकडे आहेत. कंपासपेटी गंजली, आता त्या काडेपेटीत. आत्या होती तोवर त्या लावायचं माझं धाडस झालं नाही. लाख पुरे झाले की ती निघेल, असं वाटायचं. ती गेल्यावरही लावल्या नाहीत. का, ते सांगता येत नाही. पण आता मी ब्याऐंशीची झाले, आणि परवा काडेपेटी उघडून बघितली तर कापूस पिवळा पडलाय. मला त्या एकटीनं लावायच्या नाहीत. नवाला तिनानं भाग जातो. तू, तुझी आई आणि मी, तिघींना तीन-तीन, मागे काही उरत नाही. तूप मी कढवून ठेवते. तेवढं येऊन जा. त्रिपुरीची वाट बघू नकोस, येत्या रविवारी ये.